लग्नाचं ग्रीन कार्ड रखडलंय, मधल्या काळात काय करायचं

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली, नवरा अमेरिकन सिटिझन, त्या स्वतः आधी एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) होत्या. आय-१३० (नवऱ्याने भरायचा नात्याचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र भरून सोळा महिने झाले, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) केव्हाच झालं, ईएडी (कामाचा परवाना) हातात आहे, पण अॅडव्हान्स पॅरोल (देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी) आलेलं नाही आणि इंटरव्ह्यूचा तर पत्ताच नाही. तिकडे भारतात आईचं ऑपरेशन ठरलंय. वकील फोन उचलत नाही, घरात रोज याच विषयावरून वाद होतायत, आणि शेवटी त्यांनी विचारलंय की आमचंच काहीतरी चुकलंय म्हणून उशीर होतोय का.

ताई, आधी या शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. मी इमिग्रेशनचं काम करते, त्यातही बहुतेक लग्नाच्याच केसेस, आणि अगदी स्वच्छ, कुठे बोट ठेवायला जागा नाही अशा फाइल्स दोन-दोन वर्षं पडून राहिलेल्या मी पाहिल्यात, आणि कागद अर्धवट असलेल्या फाइलला सात महिन्यांत इंटरव्ह्यू लागलेलाही पाहिलाय. नुसता उशीर झाला म्हणजे तुमच्यावर संशय आहे असा अर्थ अजिबात काढू नका. इंटरव्ह्यू तुमच्या पत्त्यावरून ठरणाऱ्या फील्ड ऑफिसात होतो आणि प्रत्येक ऑफिसची रांग वेगळी असते, त्यामुळे एकाच दिवशी फाइल केलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला कार्ड येऊन वर्ष होतं आणि दुसरी अजून वाटच बघत असते. मैत्रिणीच्या तारखेशी स्वतःची तारीख जुळवत बसणं आजपासून बंद करा, त्यातून काहीच कळत नाही.

आता आईचं, कारण ते सगळ्यात घाईचं आहे. आय-४८५ पेंडिंग असताना अॅडव्हान्स पॅरोल हातात नसेल आणि तुम्ही देश सोडलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-१बी, एच-४, एल-१, एल-२ (नोकरीच्या व्हिसावरचे आणि त्यांचं कुटुंब) वाल्यांना सूट आहे, स्टेटस चालू असेल आणि व्हिसा व्हॅलिड असेल तर, पण एफ-१ वाल्यांना ती सूट नाही. त्यामुळे "आधी जाऊन येते, मग बघू" हे कृपा करून करू नका. तुमचा आय-१३१ (अॅडव्हान्स पॅरोलचा अर्ज) आधीच भरलेला आहे तर यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून इमर्जन्सी अॅडव्हान्स पॅरोलसाठी फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट हवीये असं याच शब्दांत सांगा. पहिल्यांदा फोनवर मशीनच बोलेल, माणूस मिळेपर्यंत चिकाटी ठेवायची, परत फोन येईल म्हणाले तर तो दिवसभरात कधीही येऊ शकतो म्हणून अनोळखी नंबरही उचलायचे.

सोबत काय न्यायचं तर आय-१३१ आणि आय-४८५ च्या रिसीट नोटिसा, पासपोर्ट, पासपोर्ट साइज फोटो, आईशी नातं दाखवणारा जन्मदाखला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हॉस्पिटलच्या लेटरहेडवर डॉक्टरांचं पत्र. या पत्रावरच सगळं अवलंबून असतं. माझ्या एका क्लायंटने वडिलांच्या बायपाससाठी जे पत्र आणलं होतं ते म्हणजे प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर दोन ओळी होत्या, सर्जरी अॅडव्हाइज्ड एवढंच, तारीख नाही, शिक्का अर्धवट, आणि ऑफिसरने ते परत केलं. ती बाहेर गाडीत बसून रडत होती. त्याच रात्री भावाला हॉस्पिटलात पाठवून दुसरं पत्र करून घेतलं, त्यात आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख, नंतर किती आठवडे सोबत कोणीतरी लागेल आणि मुलीने असणं का गरजेचं आहे हे चार-पाच साध्या वाक्यांत इंग्रजीत लिहिलेलं होतं, खाली सही, रजिस्ट्रेशन नंबर, फोन नंबर. दुसऱ्या अपॉइंटमेंटला त्याच दिवशी कागद हातात मिळाला. तर आज भावाला, मामाला, जो कोणी तिकडे आहे त्याला फोन करा आणि असंच पत्र मागा.

तिकीट कागद हातात आल्यावरच काढायचं. परत येताना एअरपोर्टवर तुम्हाला सेकंडरीत (जादा चौकशीच्या खोलीत) बसवतील, तो तिथला नेहमीचा प्रकार आहे, घाबरायचं नाही, फक्त पुढची कनेक्टिंग फ्लाइट असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. अॅडव्हान्स पॅरोलवर परत आलात की तुम्ही पॅरोली (तात्पुरत्या परवानगीवर आलेली व्यक्ती) म्हणून आत येता, एफ-१ राहत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि तुम्ही तिकडे असताना इंटरव्ह्यूची नोटीस आली तर ती उघडून लगेच रिशेड्यूल करायला नवऱ्याला सांगून ठेवा. एक सूचना बाकी वाचणाऱ्यांसाठी, ज्यांचा मध्ये कधी ओव्हरस्टे (मुदत संपल्यावरही राहणं) झालाय त्यांच्यासाठी. अॅडव्हान्स पॅरोलवर बाहेर गेल्याने परत येण्यावरची दहा वर्षांची बंदी लागत नाही असा २०१२ चा अराबल्ली निकाल आहे, पण तेवढ्यावर विसंबून विमानात बसू नका, आधी एखाद्या वकिलाला पूर्ण इतिहास सांगा. पेंडिंग आय-४८५ मुळे इथे थांबण्याची मुभा मिळते, त्याने जुना स्टेटस जिवंत होत नाही, आणि सध्या कडक वातावरण आहे, त्यामुळे अशांनी इंटरव्ह्यूलाही एकट्याने जाऊ नये.

आता उशिराकडे येते. माझं या कामातलं सगळ्यात ठाम मत असं आहे की धक्का देण्याआधी गाडी कुठे रुतलीये ते बघायचं. लोक घाबरून एकाच आठवड्यात पाच ठिकाणी तक्रारी करतात, पाचही ठिकाणांहून तेच छापील उत्तर येतं की तुमची केस पेंडिंग आहे, आणि मग जास्तच खचतात.

पहिली शक्यता म्हणजे नुसती रांग लांब आहे. यूएससीआयएसच्या प्रोसेसिंग टाइमच्या पानावर फॉर्म, कॅटेगरी आणि तुमचं ऑफिस निवडायचं आणि खाली रिसीटवरची तारीख टाकायची, ते स्वतःच सांगतं की तुम्ही अजून नेहमीच्या मुदतीत आहात की चौकशी करू शकता. मुदतीत असाल तर ओरडून काही उपयोग नाही, ती ताकद जपून ठेवा.

दुसरी शक्यता म्हणजे रांग सरकतीये पण तुमचीच फाइल कुठेतरी अडकलीये. याची कारणं बहुतेक वेळा फार साधी निघतात. आपल्या मराठी लोकांत नावाचा गोंधळ मी सारखा बघते. दहावीच्या सर्टिफिकेटवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, कुणाकुणाचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं, पासपोर्टवर आडनावाच्या जागी भलतंच काही, आणि फॉर्मवर वापरलेली इतर नावं या रकान्यात काहीच भरलेलं नाही. बॅकग्राउंड चेक नावावर चालतो, त्यामुळे आजवर ज्या ज्या कागदावर जे जे नाव होतं ते सगळं तिथे लिहिलेलं हवं. तुमच्या भरलेल्या फॉर्मची कॉपी काढा आणि हा रकाना आज बघा. मेडिकलचंही तसंच. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ हा मेडिकलचा फॉर्म आय-४८५ सोबतच जोडावा लागतो, त्याआधी फाइल केलेल्या बऱ्याच जणांनी तो नंतर देऊ म्हणून ठेवला होता आणि फाइल तिथेच थांबली.

आणि पत्ता! यावर मी जरा रागावूनच बोलते कारण चांगल्या केसेस यात वाया गेलेल्या पाहिल्यात. घर बदललं की दहा दिवसांत यूएससीआयएसला एआर-११ या फॉर्मने कळवायचं असतं, पोस्ट ऑफिसात पत्ता बदलून भागत नाही कारण त्यांची पत्रं पोस्ट पुढे पाठवत नाही, ती परत जातात. एका जोडप्याने पत्ता कळवला होता, सगळं केलं होतं, फक्त अपार्टमेंट नंबर टाकायचा राहिला. मोठी बिल्डिंग, पोस्टमनने पत्र परत पाठवलं. त्या पत्रात आरएफई (आणखी कागद मागणारी नोटीस) होता, जास्तीत जास्त ८७ दिवसांची मुदत असते, ती कधी संपली ते या दोघांना कळलंच नाही आणि पुढचं पत्र थेट नकाराचं आलं. केस पुन्हा उभी राहिली पण त्यात वर्ष गेलं आणि फी दुसऱ्यांदा भरावी लागली, नुसती आय-४८५ ची फीच १,४४० डॉलर आहे. म्हणून ऑनलाइन अकाउंटमध्ये रिसीट नंबर जोडून ठेवा, पोस्टाच्या इन्फॉर्म्ड डिलिव्हरीला नाव नोंदवा म्हणजे येणाऱ्या पाकिटाचा फोटो सकाळीच मोबाइलवर दिसतो.

तिसरी शक्यता इंटरव्ह्यू होऊन गेल्यावरची. ऑफिसर हसून म्हणाला की सगळं ठीक आहे आणि त्यानंतर सहा महिने शांतता. तुमच्या बाबतीत हे अजून आलेलं नाही म्हणून इथे थांबत नाही, एवढंच सांगते की इंटरव्ह्यूहून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी ऑफिसरने काय विचारलं, काय घेतलं, काय परत दिलं हे दोघांनी बसून लिहून ठेवायचं, पुढे चौकशी करताना त्याचा फार उपयोग होतो.

मुदत उलटली असेल तर पायऱ्या अशा. आधी ऑनलाइन केस इन्क्वायरी, तिच्या उत्तराची वाट बघायची. मग तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याचं ऑफिस, यांच्याकडे इमिग्रेशनसाठी वेगळा माणूस असतो, प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर सही करून द्यायची, पैसे लागत नाहीत, आणि तुमचे मिस्टर मतदार आहेत तेव्हा फोन त्यांनीच करावा. सिनेटर आणि काँग्रेस सदस्य दोन्हीकडे एकदम जाऊ नका, एकाने हात टेकले की दुसरा. हे लोक निर्णय बदलू शकत नाहीत पण हरवलेली फाइल शोधायला लावू शकतात आणि अनेकदा तेवढंच हवं असतं. एक्स्पीडाइट रिक्वेस्ट (केस लवकर हाती घ्या अशी विनंती) हा वेगळा प्रकार आहे, त्याला मोठं आर्थिक नुकसान, आजारपणासारखी मानवी अडचण, यूएससीआयएसची स्वतःची चूक असं ठोस कारण आणि त्याचे कागद लागतात. वाट बघून कंटाळलो हे कारण तिथे चालत नाही, कितीही खरं असलं तरी.

शेवटची पायरी कोर्टाची, मँडमस. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात यूएससीआयएसवर दावा करायचा की बाबांनो निर्णय द्या. कोर्टाची फी ४०५ डॉलर, वकिलाचे पैसे वेगळे आणि ते काही हजारांत जातात. सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात आणि बऱ्याचदा त्या दिवसांतच इंटरव्ह्यू लागतो, कारण लढत बसण्यापेक्षा केस निकाली काढणं त्यांना सोपं पडतं. पण नीट समजून घ्या, कोर्ट निर्णय द्या म्हणतं, हो म्हणा असं म्हणत नाही. फाइलमध्ये काही जखम असेल तर मँडमसने नकारच लवकर हातात येतो. आणि काही महिन्यांच्या उशिरावर जज फारसं ऐकत नाहीत, उशीर वाजवी आहे की नाही हे तपासायच्या कसोट्या १९८४ च्या एका निकालापासून ठरलेल्या आहेत आणि रांगेत मध्ये घुसायला कोर्ट सहसा तयार नसतं. तुमच्या सोळा महिन्यांवर मी तरी आज हा सल्ला देणार नाही.

त्याचं आणखी एक कारण आहे, आणि हे तुमच्या वकिलाने तुम्हाला सांगायला हवं होतं. ज्या दिवशी ग्रीन कार्ड मंजूर होतं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं, कंडिशनल मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (ही अट काढायचा अर्ज) भरून परत सगळे पुरावे, परत ७५० डॉलर, परत तीच वाट. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर मंजूर झालं तर थेट दहा वर्षांचं कार्ड. तुमच्या लग्नाला पावणेदोन वर्षं झालीत. म्हणजे आणखी तीनेक महिने ही फाइल अशीच पडून राहिली तर पुढची एक अख्खी रांग तुमच्या वाट्याला येणारच नाही. समजा लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर इंटरव्ह्यू झाला आणि चुकून दोन वर्षांचं कार्ड छापून आलं, तर ते तसंच ठेवू नका, दुरुस्त करून घ्या.

नोकरीचं बघा. ईएडी कधी संपतंय ती तारीख मोठ्या अक्षरात लिहून लावा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्युअलला पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर काम थांबवावं लागतं. संपायच्या १८० दिवस आधी रिन्युअल भरता येतं, त्या पहिल्याच दिवशी भरा.

मधल्या काळात फाइल शिळी होते हे कुणी सांगत नाही. सोळा महिन्यांपूर्वी जोडलेले पुरावे सोळा महिन्यांपूर्वीचं लग्न दाखवतात, ऑफिसरला आजचं बघायचं असतं. आपल्याकडे तर खास अडचण असते की सून सासू-सासऱ्यांच्या घरात राहते, घर सासऱ्यांच्या नावावर, लाइट, पाणी, इंटरनेट सगळं त्यांच्याच नावावर, आणि मग ऑफिसर विचारतो की तुम्ही दोघं एकत्र राहता याचा कागद दाखवा तर हातात लग्नाचा अल्बम सोडून काही नसतं. एकत्र कुटुंबाची कल्पना समोरच्याला असेलच असं नाही. अशांनी सासऱ्यांकडून साधं नोटराइज्ड पत्र घ्यावं, दोघांची ड्रायव्हिंग लायसन्स त्याच पत्त्यावर करावीत, जॉइंट अकाउंट उघडून त्यातून खरोखर खर्च करावा, कारण हजार डॉलर टाकून वर्षभर न हललेलं अकाउंट काहीच सिद्ध करत नाही. हेल्थ इन्शुरन्सवर एकमेकांचं नाव, ४०१के ला (निवृत्तीच्या खात्याला) बेनिफिशियरी, टॅक्स जॉइंट भरलेला. दर तीन महिन्यांनी एकदा अर्धा तास बसून हे एका फोल्डरमध्ये टाकायचं आणि फोल्डर बंद करायचा. मिस्टरांची नोकरी बदलली असेल तर नव्या कंपनीचं पत्र आणि पे स्लिप त्यात हव्यातच, स्पॉन्सरचं म्हणजे मिस्टरांचं उत्पन्न पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (सरकारी गरिबीरेषेच्या) १२५ टक्के लागतं, २०२५ च्या आकड्यांनी दोघांच्या घराला साधारण २६,४०० डॉलर, पण ते चालू नोकरीचं दिसायला हवं.

वकिलाचं काय करायचं. एक ईमेल करा, तीनच प्रश्न, उत्तराची तारीख घाला. तुमची फाइल ही तुमची आहे, तिची पूर्ण कॉपी मागायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर नाही आलं तर वकील बदला, नवीन जी-२८ (वकील नेमल्याचा फॉर्म) भरला की झालं, रांगेतली जागा जात नाही. आणि कुणी भेटून म्हणालं की माझी आत ओळख आहे, इतके द्या, फाइल पुढे सरकवतो, तर तिथून उठून या. अशी ओळख नसते, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावावर खोटे कागद दाखल झालेले मी वाचलेत, ते निस्तरायला उशिरापेक्षा फार जास्त वर्षं लागतात.

ज्यांची बायको किंवा नवरा अजून भारतात आहे त्यांच्यासाठी थोडंसं. तुमची रांग वेगळी आहे, यूएससीआयएस, मग नॅशनल व्हिसा सेंटर, मग मुंबईचा इंटरव्ह्यू. ग्रीन कार्ड होल्डरच्या जोडीदाराला एफ२ए या कॅटेगरीमध्ये व्हिसा बुलेटिनची (दर महिन्याला निघणाऱ्या रांगेच्या तक्त्याची) तारीखही लागते. इथला जोडीदार सिटिझन झाला की ती तारखेची अट जाते, नॅचरलायझेशन सर्टिफिकेट लगेच पाठवून केस अपग्रेड करून घ्या. पण थांबा, मूल असेल तर हे नीट वाचा. एफ२ए मध्ये मूल आईच्या किंवा वडिलांच्या अर्जासोबत आपोआप येतं, सिटिझनच्या कॅटेगरीत तसं येत नाही, त्याच्यासाठी वेगळा आय-१३० लागतो. आईचा व्हिसा आला आणि पाच वर्षांचं पोर आजीकडे राहिलं असं मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा फक्त हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून.

आता घरातल्या वादाचं. ताई, हे मी वकील म्हणून कमी आणि इतकी जोडपी समोर बसलेली पाहिलीयेत म्हणून जास्त सांगते. या काळात तराजू असमान असतो. एकाचा सगळा देश, नोकरी, आईला भेटणं हे दुसऱ्याच्या सहीवर टांगलेलं असतं, आणि ज्याची सही असते त्याला बरेचदा याची जाणीवच नसते, त्याला वाटतं ही उगाच चिडचिड करते. मिस्टरांना हे सरळ बोलून दाखवा. माझ्याकडे एक जोडपं होतं, दोघंही दिवसातून वीस-वीस वेळा केस स्टेटस उघडायचे, जेवताना, सिग्नलला, रात्री तीनला उठून. मी त्यांना सांगितलं की आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, ते काम फक्त नवऱ्याने करायचं आणि काही बदल असेल तरच बोलायचं. महिन्याभराने ती फोनवर म्हणाली की मॅडम काल आम्ही पहिल्यांदा फाइल सोडून दुसऱ्या विषयावर भांडलो, आणि किती मोकळं बोलत होती ती. कार्ड यायला त्यानंतरही नऊ महिने लागले. तुमच्याकडेही रविवारचं काम मिस्टरांना देऊन बघा.

आणि हे तुमच्यासाठी नाही पण वाचणारी कुणी असेल तिच्यासाठी. जर कुणाचा नवरा फाइल मागे घेईन, तुला परत पाठवीन अशी धमकी देत असेल, मारत असेल, पासपोर्ट लपवून ठेवत असेल, तर त्या अर्जाशी बांधून राहायची गरज नाही. व्हावा नावाच्या, घरात छळ सोसणाऱ्यांसाठीच्या कायद्याखाली आय-३६० हा अर्ज स्वतःचा स्वतः भरता येतो, नवऱ्याच्या सहीशिवाय, आणि यूएससीआयएस ते त्याला कळवत नाही. पुरुषांनाही हाच मार्ग आहे. आणि पेंडिंग असताना सिटिझन जोडीदाराचा मृत्यू झाला तरी अर्ज मरत नाही, आय-१३० आपोआप आय-३६० मध्ये बदलतो, त्यामुळे दुःखात कुणीतरी "आता तुला जावं लागेल" म्हणालं म्हणून सामान बांधू नका.

ताई, तुमच्यासाठी आजचं काम तीनच गोष्टींचं. भारतात आता सकाळ असेल तर हॉस्पिटलच्या पत्रासाठी फोन, फॉर्मवरचा नावांचा रकाना आणि अपार्टमेंट नंबर बघणं, आणि उद्या सकाळी ऑफिस उघडताच कॉन्टॅक्ट सेंटरला फोन. पत्र आलं की आधी मला वाचून दाखवा, काही राहिलं असेल तर अपॉइंटमेंटच्या आधी दुरुस्त करून घेऊ.